वेखंड, कापूर आणि त्रेचाळीस सीडी

नोव्हेंबरातल्या एका रविवारी गणेशकुमारचा ब्रिस्बेनहून फोन आला. पोंगलला येतो आहे, म्हणाला, विनुताला घेऊन, पंधरा दिवसांसाठी. साईप्रियाला, म्हणजे सुनेला, रजा मिळत नव्हती. मी बरे म्हणालो. फोनवर मला बरे याच्यापुढे फारसे सुचत नाही, अगदी स्वतःच्या मुलाशी बोलतानाही. मग त्याने विचारले,

"अप्पा, माझे सीडी असके बरे आहेत की?"

असके म्हणजे सगळे. आमच्या तंजावरच्या मराठीत हा शब्द अजून चालतो. मी म्हणालो, आहेत. "मासे पकडायचा?" तोही आहे, म्हणालो. त्याला तो खेळ विनुताला दाखवायचा होता. त्यात तिच्या आजीचा विक्रम आहे, आणि मुलगी नऊ वर्षांची झाली तरी तिने आजीचा फोटो सोडून दुसरे काही पाहिलेले नाही, असे तो म्हणाला. "तुमच्याकडे आहेत म्हणून मला काळजी नाही," असे शेवटी म्हणून त्याने फोन ठेवला.

मी खोटे बोललो नव्हतो. त्या दिवशी मला कोणी देवासमोर उभे करून विचारले असते तरी मी हेच सांगितले असते. व्हिडिओ गेमच्या सीडींची इतकी निगा आमच्या गावात, बहुधा आमच्या जिल्ह्यातही, कोणी राखली नसेल. निदान मला तसे वाटत होते.

त्यासाठी माझ्या नोकरीबद्दल थोडे सांगावे लागेल. मी पस्तीस वर्षे हस्तलिखितांच्या एका ग्रंथालयात होतो. विद्वान म्हणून नव्हे. विद्वान वरच्या मजल्यावर पंख्याखाली बसत, त्यांची नावे छापून येत. मी खाली, जतन करणाऱ्यांच्या लांबट खोलीत. ताडपत्राची पोथी सोडायची, मऊ कुंच्याने धूळ काढायची, कापसावर गवती चहाचे तेल घेऊन पान न् पान पुसायचे, सावलीत वाळवायचे, दोन फळ्यांमध्ये पुन्हा बांधायचे, लाल सुती कापडात गुंडाळायचे आणि शेजारी पुरचुंडी ठेवायची. पुरचुंडीत वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी, कलौंजी आणि कापूर. कीड येत नाही. हे आमच्याकडे फार जुन्या काळापासून चालत आले आहे. मी त्यात काही भर घातली नाही, फक्त बिघडवले नाही. नोकरीतून निवृत्त होताना एवढेच समाधान घेऊन घरी आलो होतो.

माझ्या हातांना त्या तेलाचा वास कायम असे. माझी बायको सरस्वती म्हणायची की रसममध्ये ती कोथिंबीर घालते आणि पानावर वास मात्र ग्रंथालयाचा येतो.

गणेश नववीत असताना त्याच्या मामाने सिंगापूरहून ते प्लेस्टेशनचे यंत्र आणले. मग एकेक करून सीडी जमत गेल्या. जुन्या बसस्टँडजवळ वासुकी नावाची मुलगी वडिलांबरोबर दुकान चालवीत असे. तिथे सीडी भाड्यानेही मिळत, विकतही. वाढदिवसाला एक, दिवाळीला एक, परीक्षेत वर आला की एक, असे करत तो कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत त्रेचाळीस झाल्या. त्याने त्यांचा क्रम लावला होता. आधी गाड्यांच्या शर्यती, मग क्रिकेट, मग मारामाऱ्या, आणि सर्वांत शेवटी जे कशातच बसत नाहीत ते. मासे पकडायचा खेळ या शेवटच्यांपैकी. मला त्यातले काही कळत नव्हते आणि पसंतही नव्हते. पण मी रागावलो नाही. न बोलणे हीच माझी रागावण्याची रीत होती. ती समोरच्याला कळत असे की नाही, याची मला आजही खात्री नाही.

गणेश इंजिनिअरिंगला गेल्यावर एका दुपारी मला ताप आला म्हणून मी लवकर घरी आलो. दार नुसते लोटलेले होते. आतल्या खोलीत सरस्वती जमिनीवर बसली होती, दाराकडे पाठ करून, लुगड्याचा पदर खोचून, हातात कंट्रोलर. टीव्हीवर एक तळे होते. तळ्यात एक तांबडा गोळा तरंगत होता. तो बुडाला की ती दोन्ही हात उचलून कंट्रोलर असा खेचायची, जणू गळ खरोखरच तिच्या हातात आहे. तिचे माहेर ओरत्तनाडूकडचे. लहानपणी कालव्यावर भावांना मासे पकडताना ती नुसती काठावर बसून पाहत असे. आमच्यासारख्या घरातल्या मुलीने गळाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. हे तिने मला लग्नानंतर लवकरच सांगितले होते आणि मी ते विसरून गेलो होतो.

मी आत गेलो नाही. आत गेलो तर ती उठेल, यंत्र बंद करेल, कॉफी टाकेल, असे वाटले. मी दाराशी उभा राहिलो, मग चपला हातात घेऊन परत रस्त्यावर गेलो, वेस्ट मेन स्ट्रीटच्या टोकापर्यंत चालून आलो आणि या वेळी कडी वाजवली. त्यानंतर तीन-चार वेळा, खरे सांगायचे तर त्याहून अधिक वेळा, मी अर्धी रजा टाकून घरी आलो आणि असाच दाराशी उभा राहिलो. त्याला काय म्हणावे मला माहीत नाही. नवऱ्याने बायकोला चोरून पाहणे ही काही लिहिण्यासारखी गोष्ट नव्हे.

त्याच वर्षी सरस्वती पूजेच्या दिवशी एक गोष्ट झाली. आमच्याकडे नवरात्राच्या नवव्या दिवशी घरातली पुस्तके आणि कामाची हत्यारे देवापुढे मांडतात. त्या दिवशी वाचायचे नाही, काम करायचे नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला ती उचलायची. मी माझी पुस्तके मांडली, वर कुंचा ठेवला. सरस्वती आतून सीडींचा पेटारा घेऊन आली आणि तिने तो माझ्या पुस्तकांवर ठेवला. मी म्हणालो, हे कशाला. ती म्हणाली, "त्याचं शिक्षण ह्याच्यातच चाललंय, नव्हे का? आणि माझंही." गणेश हसला. मी पेटारा हलवला नाही.

कॉलेज संपवून गणेश परदेशी गेला. सीडी आणि यंत्र इथेच राहिले. दुसऱ्या वर्षी सरस्वती गेली, चार दिवसांच्या तापात. त्या ऑक्टोबरात पूजा आली तेव्हा मी एकटाच होतो. पुस्तके मांडून झाल्यावर मला पेटारा आठवला. माळ्यावरून काढून देवापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी उघडला तेव्हा आत एक झुरळ मरून पडलेले दिसले, आणि मी मला जे येते ते केले.

एकेक सीडी काढली, कापसावर गवती चहाचे तेल घेतले आणि पुसली. पोथीचे पान पुसताना हात ओळीच्या दिशेने न्यायचा असतो, डावीकडून उजवीकडे, अक्षर जसे गेले आहे तसा. सीडीवरचे लिखाण गोल गोल जाते, आतून बाहेर, एकच लांब ओळ असते, हे मी वाचनालयातल्या एका मासिकात वाचले होते. म्हणून मी गोल गोल पुसले, ओळीच्या बाजूने, घाई न करता. मासे पकडायच्या खेळाची सीडी दोन वेळा पुसली, खालून आणि चित्राच्या बाजूनेही. तिच्यात सरस्वतीचे खेळणे आहे असे मी समजत होतो. मग सगळ्या पुन्हा क्रमाने लावल्या, पेटाऱ्यात पुरचुंड्या ठेवल्या, कापूर थोडा जास्तच, आणि लाल कापडाने बांधले. यंत्रही लाल कापडात गुंडाळले, पण त्याला तेल लावले नाही. यंत्र म्हणजे पोथी नव्हे.

असे मी दर विजयादशमीला केले. पंधरा वर्षे. एकदाही लावून पाहिले नाही. पाहायचे कसे हेच मला येत नव्हते, आणि खरे तर पोथ्यांच्या बाबतीतही आम्ही कुठे वाचून पाहत होतो.

डिसेंबरात गणेशचा निरोप आला: एकदा लावून पाहा, अप्पा, वासुकीकडे यंत्र असेल तर. मी पाच सीडी कापडी पिशवीत घालून निघालो. डब्या काढतानाच मला दिसले की त्यांचे प्लास्टिक पांढुरके झाले आहे, मोतीबिंदू आलेल्या डोळ्यासारखे, आणि दोन झाकणे चिकटून बसली आहेत. हे आधीही दिसत असे. मी ते वयाचे समजत होतो. माझेही डोळे तसेच झाले आहेत.

वासुकी आता पन्नाशीला आली आहे. दुकान तेच, पण आता मोबाइल दुरुस्ती आणि झेरॉक्स. तिने मला बसायला स्टूल दिले, गणेशची चौकशी केली, त्याच्या डोक्यावर केस राहिले आहेत का तेही विचारले. मग पहिली डबी उघडून नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिले.

"सार, हे काय लावलंय?"

मी सांगितले. तेल, दर वर्षी.

"तळायला घेतल्या होत्या का?" ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून तिने स्वर खाली आणला. "आणि हा वास? कापूर?"

मी पुरचुंडीचे सगळे सांगितले, कलौंजीसकट. ती ऐकत होती. तिच्याकडे एक जुने यंत्र हौस म्हणून ठेवलेले होते, ते तिने काउंटरखालून काढले. पहिली सीडी चालली नाही. दुसरी चालली नाही. तिसरी घरघरली आणि थांबली. चौथी चालली, पण चित्र मध्येच गोठले. पाचवी मासे पकडायच्या खेळाची होती. ती नुसती फिरत राहिली.

वासुकीने सीडी कशी पुसायची ते मला दाखवले. सीडी कडेला धरायची, आणि आतून बाहेर, सरळ, चाकाच्या आऱ्यांसारखी पुसायची. गोल कधीच नाही. मी विचारले, का. ओळ ओलांडून चरा गेला तर प्रत्येक वळणावर एखादे अक्षर जाते, ते यंत्र अंदाजाने भरून काढते, ती म्हणाली, पण ओळीच्या बाजूने चरा गेला तर सबंध वाक्यच जाते, मग ते अंदाज कशावरून करणार.

हे मला तिने सांगायची गरज नव्हती. पोथीत कीड आरपार भोक पाडते तेव्हा प्रत्येक ओळीतले एखादे अक्षर जाते, आणि वरच्या मजल्यावरचे विद्वान ते बसवून देतात. पण एखादी ओळ लांबीने घासली गेली की ती गेलीच, ती कोणालाच भरता येत नाही. पस्तीस वर्षे मी हे डोळ्यांनी पाहिले होते. तरी पंधरा वर्षे ओळीच्या बाजूने घासत बसलो.

मग तिने मासे पकडायची सीडी ट्यूबलाइटसमोर धरली. चित्राच्या आरपार बारीक बारीक उजेड दिसत होता, सुईने टोचल्यासारखा. लिखाण खालच्या चकचकीत बाजूला नसते सार, ती म्हणाली, वरच्या चित्राच्या लगेच खाली असते, आणि त्यावर फक्त पातळ लेप. तेलाने आणि कापराने तो लेप खाल्ला होता. खालची बाजू धुता येईल. वरची गेली ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या त्रेचाळीस रिक्षात घालून नेल्या. आम्ही दोघांनी त्या धुतल्या. टबात कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि माझ्या जुन्या वेष्टीचे, म्हणजे धोतराचे, मऊ तुकडे. आतून बाहेर. मग पाणी निथळायला ताटांच्या रॅकमध्ये उभ्या. वासुकी धुता धुता आठवत होती, ही त्याने तीनदा बदलून नेली, ही त्याच्या गळ्यात मीच मारली. एकेक लावून पाहिली. एकतीस चालल्या. बारा गेल्या. त्या बारांत मासे पकडायचा खेळ होता. तो मी सर्वांत जास्त जपला होता.

मी स्टुलावर बसून राहिलो. वासुकीने चहा मागवला. मग ती म्हणाली की तिच्या दुकानातला जुना माल पापनाशमला आईच्या घरी पोत्यात पडून आहे, त्यात या खेळाची एखादी सीडी असेल. कोणी हात लावलेला नाही, तेलही नाही. पुढच्या आठवड्यात ती जाणारच होती.

"जुन्या डबीत ठेवून द्या सार. चित्र तेच. कुणाला कळणार?"

मी म्हणालो की ती मूळ नसेल. ती हसली. "तुमची तरी मूळ कुठे होती? नक्कलच होती. चेन्नईहून येत होत्या, शंभर शंभर. मीच विकलीय की."

ती आठवड्याने खरोखरच सीडी घेऊन आली, एक मासेवाली आणि वर आणखी दोन, आणि मासेवाली लावूनही दाखवली. तेच तळे, तोच तांबडा गोळा. फक्त विक्रमांच्या यादीचे पान रिकामे होते. मी सीडी घरी आणली, वासुकीने सगळ्यांसाठी दिलेल्या नव्या डब्यांतल्या एकीत जुने चित्राचे कागद घातले, आणि पाहिले. मलाही फरक कळला नसता. गणेशला सांगायचे नाही असे मी जवळजवळ ठरवले. विक्रम कुठे गेला असे त्याने विचारले तर यंत्र जुने झाले असे म्हणता येईल. यंत्रावर ढकलणे सोपे असते.

पण मी ज्या खोलीत पस्तीस वर्षे काढली तिथे एकही पोथी अशी नव्हती की जिच्या शेवटी नकलणाऱ्याने दोन ओळी लिहिलेल्या नाहीत. कोणी लिहिली, कशावरून उतरली, कोणत्या गावात, आणि चुकले असेल तर क्षमा करा. तेवढे लिहिल्याशिवाय नक्कल हातावेगळी करत नसत. नक्कल असण्यात कमीपणा नव्हता. न सांगण्यात होता. मी कागदाची एक चिठ्ठी कापली, शाईच्या पेनने लिहिले आणि घडी करून डबीत सीडीखाली ठेवले.

देवनागरीत लिहिले. इथे मला थांबून कबूल केले पाहिजे की ते सवयीने झाले नाही. गणेश तमिळ आणि इंग्रजी शिकला. मराठी तो बोलतो, पण देवनागरी त्याला वाचता येत नाही, आमच्यातल्या बहुतेक मुलांना येत नाही. मला कबुलीही द्यायची होती आणि ती कोणाला कळायलाही नको होती. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी असा वागलो.

पोंगलच्या आदल्या दिवशी ते आले. विनुता उंच निघाली आहे. तिला आमची मराठी समजते, पण बोलताना आधी ती माझ्या तोंडाकडे पाहते, आपण म्हणतो ते बरोबर आहे का म्हणून. मला ते ओळखीचे वाटले. पोंगलच्या सकाळी गणेशने पेटारा उघडल्याबरोबर तोंड आत घालून श्वास घेतला.

"विनुता, इकडे ये. हुंगून पाहा. हा तुझ्या तातांच्या ऑफिसचा वास."

मी पुरचुंड्या कधीच काढून टाकल्या होत्या, तरी वास गेला नव्हता. तो क्रम पाहत गेला, गाड्या, क्रिकेट, मारामाऱ्या, आणि म्हणाला की नव्या डब्या घातल्यात वाटतं. मी हूं म्हणालो. यंत्र जोडण्यासाठी तो टीव्हीच्या मागे वाकला आणि विनुताने मासे पकडायची डबी उघडली. सीडी कडेला धरून काढली, कोणी न सांगता. चिठ्ठी खाली पडली.

"ताता, हे काय लिहिलंय?"

गणेशने वळून पाहिले, चिठ्ठी तिच्या हातातून घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "देवनागरी," तो म्हणाला. "वाचा की अप्पा."

चिठ्ठी माझ्या हातात होती. मला वाटले, जपून वापरावी, असे काहीतरी वाचून दाखवता येईल. कोणाला कळणार? वासुकीचाच प्रश्न. विनुता माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी वाचले.

"मूळ सीडी माझ्या हातून खराब झाली. दर वर्षी तेल लावल्यामुळे व कापूर ठेवल्यामुळे. ही दुसरी सीडी वासुकीने पापनाशमहून आणून दिली. दोष माझा. चिदंबर राव, तंजावर."

मग मीच एकदम खूप बोललो, इतके मी कधी बोलत नाही. बारा गेल्या, कोणत्या कोणत्या ते सांगितले, ओळीच्या बाजूने पुसल्याचे सांगितले. बाकीच्यांचे मला काही नाही, पण तुझ्या आईचे त्यात होते ते मी पुसून टाकले, असे म्हणालो.

"अम्मा सीडीत कुठे होती अप्पा?" तो म्हणाला. "सीडीत नुसतं तळं असतं."

मला कळले नाही. पोथीत जे लिहिले ते पोथीतच असते. लिहिलेले पानात नसेल तर असेल कुठे? गणेशने यंत्रावरचे लाल कापड सोडले. यंत्राच्या पुढच्या बाजूला, कंट्रोलर जोडतात त्याच्या वर, एका खाचेत बिस्किटाएवढा करडा तुकडा बसवलेला होता. मी तो यंत्राचाच भाग समजत होतो. "हे मेमरी कार्ड. खेळलेलं असकं ह्याच्यात राहतं." त्याने ते अलगद काढले आणि माझ्याकडे पाहिले. "ह्याला काय लावलंत?"

"काही नाही."

"खरंच काही नाही?"

"यंत्राला तेल लावत नाहीत," मी म्हणालो.

तो हसायला लागला. हसता हसता त्याने खाली बसून कपाळ गुडघ्यांना टेकवले आणि थोडा वेळ तसाच राहिला. विनुताने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याने कार्ड परत बसवले, पापनाशमची सीडी घातली आणि यंत्र सुरू केले.

तळे आले. गणेशने दोन-तीन बटणे दाबली आणि विक्रमांचे पान आले, दहा ओळींचे. मी चष्मा पुसून जवळ गेलो. त्या खोलीत, टीव्हीच्या समोर, इतक्या जवळ मी पहिल्यांदाच बसत होतो. सरस्वतीच्या नावाचे पहिले इंग्रजी अक्षर मी वरून खालपर्यंत शोधले. नव्हते. खालच्या तीन ओळींत गणेशचे नाव होते. वरच्या सात ओळींत एकच नाव पुन्हा पुन्हा लिहिलेले होते. ते माझे होते. आठच इंग्रजी अक्षरांची जागा असल्यामुळे शेवटचा 'र' तेवढा बसला नव्हता.

सत्तावीस वर्षांच्या संसारात सरस्वतीने माझे नाव उच्चारले नव्हते. रेशन दुकानात नवऱ्याचे नाव विचारले तर ती गणेशला पुढे करी. घरी मी 'ऐकिलंत का' होतो.

"तुम्ही हे कधी पाहिलं नाहीत?" गणेशने विचारले. मी नाही म्हणून मान हलवली. त्याला वाटत होते मला माहीत आहे. म्हणूनच त्याला विनुताला दाखवायचे होते, माझ्यासमोर. तो म्हणाला, "मी अम्माला विचारलं होतं, स्वतःचं नाव घाल की. तर म्हणाली, तोंडाने घेत नाही, हाताने घेतलं तर काय झालं?"

मी पडद्याकडेच पाहत होतो.

"आणखी म्हणाली," तो थांबला, मग सांगावे असे त्याने ठरवलेले दिसले. "म्हणाली, ते दाराशी येऊन उभे राहतात आणि परत जातात. एक दिवस आत येतील, तेव्हा वाचतील."

विनुताने विचारले की ताता आत का आले नाहीत. तिने आमच्या मराठीतच विचारले, माझ्या तोंडाकडे न पाहता. मी म्हणालो की मला वाटले तिचा खेळ मोडेल. विनुताने थोडा विचार केला. मग म्हणाली, खेळ थांबवायचे बटण असते, आणि कंट्रोलरवर मला ते दाखवले.

दुपारी जेवताना मी टीव्ही बंद करू दिला नाही. जेवताना टीव्ही नको हा या घरातला नियम माझाच होता. आम्ही तिघे टीव्हीसमोर पाने मांडून बसलो, सक्करै पोंगलचा, म्हणजे गोड भाताचा, गूळ विनुताच्या कोपरापर्यंत आला, आणि ती सात नावे समोर राहिली. जेवण झाल्यावर विनुता खेळायला बसली आणि मी तिच्या शेजारी. तिच्या गळाला पहिल्या अर्ध्या तासात काही लागले नाही.

संध्याकाळी मी चिठ्ठी पुन्हा उघडली. नकलणाऱ्याच्या नावाखाली जागा उरली होती. तिथे आणखी एक ओळ लिहिली, या वेळी तमिळमध्ये, म्हणजे गणेशला आणि पुढेमागे विनुताला वाचता येईल:

कार्ड यंत्रातच आहे. त्याला तेल लावू नये.